विश्लेषण : बोट सुस्तावली? नवे इंजिन घेण्याआधी पंखा का तपासावा?

इंजिन एका झटक्यात सुरू होते, आवाजही नेहमीचाच असतो. पण बोट पूर्वीसारखी पळत नाही. चार प्रवासी जास्त बसले की पुढचा भाग वर उचललेलाच राहतो आणि पेट्रोल भराभर संपते. तारकर्ली-देवबागपासून मुरुडपर्यंत फायबरच्या छोट्या बोटी चालवणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची. त्यावर पहिला सल्ला मिळतो तो मोठ्या इंजिनाचा, आणि तो सगळ्यात महागही असतो. प्रत्यक्षात अनेकदा इंजिन ठणठणीत असते. अडचण असते ती पाण्याखाली, नजरेआड फिरणाऱ्या पंख्यात, इंजिन बसवलेल्या उंचीत किंवा तळाला साचलेल्या शेवाळात. पंखा कसा निवडावा, कोणते जोडसाहित्य खरोखर कामाचे आणि पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत, याचा हा आढावा.

पंखा नेमके काय करतो?

इंजिन ताकद निर्माण करते. ती पाण्यापर्यंत पोहोचवतो तो पंखा, म्हणजेच प्रॉपेलर. फिरताना तो पाणी मागे लोटतो आणि त्या प्रतिक्रियेने बोट पुढे सरकते. मोटारीला घाट चढताना पहिला-दुसरा आणि महामार्गावर पाचवा गिअर टाकता येतो. बहुतेक बोटींना पुढे जाण्यासाठी एकच गिअर असतो. तो 'चढाचा' असावा की 'महामार्गाचा', हे पंखा ठरवतो.

पंखा जितका मोठा तितका वेग जास्त, हा समज जुना आहे आणि तो खोटा ठरल्यालाही दोन शतके होत आली. इंग्लंडमधील फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये स्क्रू-प्रॉपेलरचे पेटंट घेतले. त्यांचा पंखा लाकडी होता आणि स्क्रूसारखा दोन वेढ्यांचा. १८३७ मध्ये लंडनमधील पॅडिंग्टन कालव्यात चाचणी सुरू असताना त्याचा बराचसा भाग तुटून गेला आणि बोट मंदावण्याऐवजी आणखी वेगाने धावू लागली. पुढे १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याची 'रॅटलर' आणि बाजूच्या चाकांवर चालणारी 'अलेक्टो' ही जवळपास सारख्या ताकदीची दोन जहाजे पाठीला पाठ लावून बांधली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला चक्क मागे ओढत नेले. ताकद तेवढीच असली तरी ती पाण्यात कशी उतरते यावर सारे अवलंबून असते, हा धडा आजच्या आउटबोर्डलाही लागू आहे.

पंख्यावरील आकड्यांचा अर्थ काय?

पंख्याच्या मधल्या भागावर बहुधा '१४ × १९' किंवा '१०¼ × १३' असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा. पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ आखतात, त्याची ही इंचांतील रुंदी. दुसरा आकडा पिचचा. लाकडात स्क्रू फिरवला की तो प्रत्येक फेऱ्यात ठरावीक अंतर आत जातो. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता, तो त्याचा पिच.

पिच कमी असेल तर बोट चटकन उचलते, ओझे सहज ओढते, पण वरचा वेग मर्यादित राहतो. पिच जास्त असेल तर मोकळ्या बोटीचा वेग वाढू शकतो, मात्र सुरुवातीला ती जड वाटते. आउटबोर्डमध्ये गिअरबॉक्सच्या रचनेमुळे व्यासात फारसा बदल करता येत नाही. त्यामुळे निवड मुख्यतः पिचची, पात्यांच्या संख्येची आणि धातूची असते.

बसवलेला पंखा योग्य आहे, हे कसे ओळखायचे?

त्याची चाचणी एका आकड्यावर होते. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यावेत, म्हणजे किती आरपीएम गाठावा, याची मर्यादा कंपनी इंजिनाच्या पुस्तिकेत देते. अनेक चार-स्ट्रोक आउटबोर्डसाठी ती ५,००० ते ६,००० असते. बोटीत नेहमीचे ओझे, म्हणजे नेहमीइतके प्रवासी, इंधन आणि सामान असताना पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आला, तर पंखा जुळलेला आहे.

समजा, १३ इंच पिचचा पंखा असलेली भरलेली बोट ४,७०० च्या वर जात नाही. पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. २०० चा हिशेब धरला तर ११ इंचांचा पंखा इंजिनाला ५,१०० च्या आसपास नेईल आणि १० इंचांचा ५,३०० च्या. रोज भरून जाणाऱ्या बोटीला १० इंचांचा पंखा अधिक सोयीचा. उलट, मोकळी बोट ६,३०० पर्यंत जात असेल किंवा इंजिन स्वतःच आपली गती तोडत असेल, तर पिच दोन इंचांनी वाढवावा लागेल.

आरपीएम कमी पडणे अनेकांना निरुपद्रवी वाटते, कारण इंजिन 'शांत' चालते. खरे तर असे इंजिन पाचव्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखे रखडत असते. ते जास्त तापते, आत कार्बन धरतो, पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो. मर्यादेबाहेर फिरणारे इंजिनही तितकेच लवकर झिजते. म्हणजे पंखा चुकला तर इंधन जातेच, शिवाय इंजिनाचे आयुष्यही कमी होते.

आणखी एक पथ्य. आरपीएम कमी दिसला म्हणून लगेच पंख्याला दोष देऊ नये. स्पार्क प्लग खराब असणे, इंधनात पाणी उतरणे, फिल्टर तुंबणे किंवा तळाला शेवाळ आणि शिंपले धरणे यांनीही तोच परिणाम होतो. आधी इंजिन आणि तळ साफ, मग पंख्याचा विचार.

'स्लिप' किती असावी?

पाणी घट्ट नसल्याने पंखा पिचइतका पुढे कधीच जात नाही. ही तूट म्हणजे स्लिप. ती मोबाइलवरील जीपीएसच्या मदतीने कोणालाही मोजता येते.

उदाहरणार्थ, इंजिन ५,५०० आरपीएमवर आहे आणि गिअरचे प्रमाण २ ला १ आहे. म्हणजे पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेतो. १३ इंच पिच म्हणजे सुमारे ३३ सेंटीमीटर. हिशेबाने बोट मिनिटाला ९०८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५४.५ किलोमीटर जायला हवी. जीपीएसवर वेग ४५ दिसला, तर स्लिप सुमारे १७ टक्के. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या बोटीत ती साधारण १० ते २० टक्के असते. जड, ओझ्याच्या बोटीत त्याहून जास्त. मात्र त्याच बोटीची, तेवढ्याच ओझ्यावरची स्लिप काही महिन्यांत एकदम वाढली, तर पात्यांची धार वाकलेली आहे, आतील रबरी बुश सुटला आहे किंवा इंजिन फार वर बसले आहे, असे समजावे. मोजणी प्रवाहाच्या दिशेने आणि उलट अशी दोन्हीकडून करून सरासरी घ्यावी. खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह एकाच फेरीचा आकडा फसवा करतो.

तीन पाती घ्यावीत की चार?

तीन पात्यांचा पंखा वेग आणि इंधन यांचा मध्य साधतो, म्हणून बहुतेक आउटबोर्डसोबत तोच येतो. चार पात्यांचा पंखा पाण्याची पकड अधिक घट्ट धरतो. बोट लवकर उचलली जाते, वळणावर निसटत नाही, कंप कमी होतो आणि कमी आरपीएमवरही ती पाण्यावर टिकून राहते. बदल्यात वरचा वेग थोडा घटतो. प्रवासी वाहून नेणाऱ्या, स्कूबासाठी सिलिंडर आणि माणसे नेणाऱ्या किंवा लाटांतून जाणाऱ्या बोटींना हा सौदा परवडतो. तिनावरून चारावर जाताना चौथ्या पात्याचा वाढीव भार धरून पिच साधारण एक इंच कमी घेतात.

पात्याच्या मागच्या कडेला दिलेला हलका बाक, म्हणजे कपिंग, हाही एक उपयोगी प्रकार. त्याने पकड सुधारते आणि पंख्यात हवा शिरणे कमी होते. मात्र आरपीएम थोडा उतरतो, हे गृहीत धरावे लागते.

ॲल्युमिनियम की स्टील?

ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त, दुरुस्तीला सोपा. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ ठेवता येतात आणि जोरात फिरतानाही वाकत नाहीत. त्यामुळे त्याच पिचवर बोट थोडी अधिक चपळ होते. वाळू ढवळणाऱ्या उथळ खाडीत स्टीलची धार जास्त काळ टिकते.

पण कोकणात पाण्याखालच्या खडकांचाही विचार करावा लागतो. खडकावर आपटल्यास ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि बराचसा धक्का तिथेच जिरतो. स्टीलचे पाते सहज हार मानत नाही, त्यामुळे धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. हा धक्का सोसण्यासाठीच मधल्या भागात रबरी बुश किंवा बदलता येणारी कडी असते. खडकाळ भागात ये-जा करणाऱ्याने ॲल्युमिनियमचा पंखा वापरावा आणि एक जादा पंखा, नट, वॉशर, स्प्लिट पिन आणि पाना बोटीतच ठेवावा. भर समुद्रात पंखा निकामी झाला, तर परत येण्याची सोय हीच.

पंखा 'हवा खातो' म्हणजे काय?

वळण घेताना किंवा लाटेवर बोट उचलली गेली की अचानक इंजिन किंचाळते आणि बोटीची ओढ संपते. पृष्ठभागावरची हवा किंवा धूर पंख्यात ओढला गेल्याने असे होते. इंजिन बहुधा फार वर बसवलेले असते किंवा जास्त तिरपे केलेले असते.

पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी ही हवा अडवण्यासाठीच असते. लोक तिला 'अँटी-कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात, पण कॅव्हिटेशन हा वेगळा प्रकार आहे. त्यात पात्यावरचा दाब इतका उतरतो की पाणी थंड असतानाच उकळून त्याचे बुडबुडे होतात. ते फुटताना धातूवर बारीक खड्डे पाडतात. पात्यावर असे खड्डे दिसले, तर पंख्याची निवड चुकली आहे किंवा त्याची धार बिघडली आहे.

आउटबोर्ड बसवताना ही पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. इंजिन जास्त खाली बसले तर त्याचा खालचा भाग विनाकारण पाणी कापत राहतो आणि वेग जातो. जास्त वर बसले तर पंखा हवा खातो, शिवाय थंड करणारे पाणीही इंजिनाला पुरेसे मिळत नाही. इंजिन एक भोक वर किंवा खाली घेऊन पुन्हा बसवणे हा बऱ्याचदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

मासेमारी नौकांचा हिशेब वेगळा का?

फायबरची छोटी बोट वेग घेतला की पाण्यावर उचलली जाते. आतमध्ये डिझेल इंजिन असलेली जड नौका पाणी कापत जाते आणि तिच्या वेगाला लांबीचे बंधन असते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. उत्तर येते ते साधारण कमाल वेगाचे, नॉटमध्ये. ३६ फुटांच्या नौकेसाठी वर्गमूळ ६, म्हणजे वेग सुमारे ८ नॉट. त्यापुढे इंजिन कितीही दामटले तरी लाटा आणि धूर वाढतो, वेग नाही.

अशा नौकेला व्यासाने मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लागतो. पात्याचे टोक आणि तळ यांत पुरेसे अंतर मात्र हवे, नाहीतर सतत कंप जाणवतो. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरवर पंख्याभोवती धातूचे कडे, म्हणजे नोझल, बसवल्यास कमी वेगात ओढ वाढते. सुसाट जाण्यासाठी मात्र तेच कडे अडथळा ठरते. पूर्ण रेसवर सतत काळा धूर येत असेल, तर इंजिनावर भार जास्त झाल्याची ती खूण असू शकते.

येथे सर्वांत मोठी बचत हात आवरण्यात आहे. पाणी कापत जाणाऱ्या नौकेला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकदीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. प्रवासाला वेळ थोडा जास्त लागतो, हे धरूनही तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के कमी इंधन पुरते.

कोणते जोडसाहित्य उपयोगाचे?

पहिली खरेदी असावी ती टॅकोमीटरची, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या घड्याळाची. त्याशिवाय पंख्याची निवड हा नुसता अंदाज. त्याच्या जोडीला इंधनाचा मीटर असेल तर कोणत्या वेगाला बोट लिटरमागे जास्त अंतर कापते, ते कळते. बोट १८ नॉटला तासाला २० लिटर आणि १४ नॉटला १४ लिटर खात असेल, तर पहिल्या वेगात लिटरला ०.९ आणि दुसऱ्यात १ सागरी मैल पडतो.

ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला खाली लावलेल्या, वर-खाली होणाऱ्या दोन पट्ट्या. पुढचा भाग वर राहणे आणि माणसे एका बाजूला बसल्याने बोट कलणे, या दोन्हींवर त्या चांगला उतारा आहेत. मात्र आधी सामान आणि प्रवासी नीट विभागून पाहावेत. ते फुकट असते. इंजिनाच्या पट्टीवर लावायचे पंखासारखे फिन छोट्या बोटीला लवकर उचलायला मदत करतात, पण वेगात पाणी अडवतात. इंजिन मागे आणि वर नेणारी जॅक प्लेट वेगवान बोटींसाठी ठीक. रोजच्या फेऱ्या मारणाऱ्या बोटीला तिची गरज क्वचितच पडते.

पोहणाऱ्यांच्या जवळ जाणाऱ्या बोटींना पंख्याभोवतीची जाळी हा सुरक्षेचा उपाय असतो. तिने वेग आणि इंधनाचे नुकसान होते, आणि हे नुकसान मान्य करूनच ती लावायची. जाळी असली तरी माणसे पाण्यात असताना इंजिन बंद ठेवणे हाच खरा बचाव.

देखभालीत काय विसरले जाते?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा पंखा काढून पाहावा. शाफ्टभोवती गुंडाळलेला नायलॉनचा धागा बाहेरून दिसत नाही, पण तो आतले सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी जाते. ऑइल दुधाळ दिसले तर हेच घडले आहे. शाफ्टला सागरी ग्रीस लावूनच पंखा बसवावा, नाहीतर खारट पाण्यात तो जाम होतो. इंजिनावरचा जस्ताचा तुकडा स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. त्याला रंग लावला की तो निरुपयोगी होतो. निम्मा झिजल्यावर तो बदलावा.

चाचणी घेताना कोणती खबरदारी?

नवा पंखा लावल्यावर पूर्ण थ्रॉटलची चाचणी मोकळ्या, खोल पाण्यात, प्रवाशांविना घ्यावी. ओझे म्हणून पाण्याचे कॅन किंवा वाळूच्या गोणी बांधून ठेवाव्यात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदर परिसरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचा जीव गेला. चाचणी आणि प्रवासी वाहतूक यांत अंतर का हवे, हे त्यानंतर वेगळे सांगायची गरज नाही.

चालकाने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी आणि सर्वांनी लाइफ जॅकेट घातलेले असावे. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन न्यूट्रलमध्ये आणून चावी काढावी. प्रवासी बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. त्यामुळे इंजिन किंवा रचनेत मोठा बदल करण्याआधी तेथे विचारून घेणे हिताचे.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

आधी तळ साफ करावा, प्लग, फिल्टर आणि इंधन तपासावे. मग टॅकोमीटर आणि जीपीएस लावून, नेहमीच्या ओझ्यावर आरपीएम आणि वेग लिहून ठेवावा. त्यानंतर इंजिनाची उंची जुळवावी. मग पंख्याची धार दुरुस्त करून घ्यावी किंवा हिशेबाने पिच बदलावा, आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे. ट्रिम टॅब आणि इतर साहित्य त्यानंतर. एवढे करूनही भरलेली बोट उचलली जात नसेल, तरच मोठ्या इंजिनाचा विषय काढावा, आणि तेव्हाही बोट बांधणाऱ्याने ठरवून दिलेल्या कमाल अश्वशक्तीच्या आतच.